गोळी वाकडी का जाते? देवनापट्टणमच्या तोफेपासून एअरसॉफ्टच्या छर्ऱ्यापर्यंत (दीर्घ धागा)

१/
सप्टेंबर १६९०. आजच्या तमिळनाडूतील कडलूरजवळ, देवनापट्टणमच्या किल्ल्यावर एक तोफ सज्ज करण्यात आली. समोर शत्रू नव्हता, लढाईही नव्हती. गोलंदाजाने तोफेचे तोंड वर केले आणि निरनिराळ्या दिशांना गोळे सोडले. गोळा जिथे पडला तिथवरची जमीन आणि त्या टप्प्यात येणारी गावे, तेथील माणसांसह, इंग्रजांची झाली. विकणारे होते मराठे आणि विकत घेणारी होती ईस्ट इंडिया कंपनी.

२/
छत्रपती राजाराम महाराज तेव्हा जिंजीस होते. मोगली फौज त्यांच्यामागे दक्षिणेत उतरली होती आणि पैशाची निकड मोठी होती. मद्रासचा इंग्रज अधिकारी एलिहू येल याने कंपनीच्या वतीने हा किल्ला खरेदी केला. पुढे त्याचे नाव फोर्ट सेंट डेव्हिड झाले. सौद्यात केवळ किल्ला नव्हता. तोफेच्या ‘रँडम शॉट’च्या टप्प्यात येणारा सारा मुलूख त्यात होता. त्या टापूतील गावांना पुढेही ‘तोफगोळ्याची गावे’ म्हणत राहिले.

३/
‘रँडम’ या शब्दाचा आजचा अर्थ ‘यादृच्छिक’. त्या काळी तोफखान्याच्या भाषेत मात्र तो एक तांत्रिक शब्द होता. तोफ आडवी न ठेवता तिचे तोंड वर उचलून मारलेला लांब पल्ल्याचा गोळा म्हणजे रँडम शॉट. हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत. लांब पल्ल्याचा गोळा नेमका कुठे पडेल, हे कोणालाच सांगता येत नसे.

का सांगता येत नसे? या धाग्याचा विषय तोच आहे. या प्रश्नाची वाट याच किल्ल्यावरून जाते आणि आज मुले खेळात वापरतात त्या ०.२० ग्रॅमच्या प्लास्टिकच्या गोळीपाशी येऊन पोहोचते.

४/
प्रथम बंदूक समजून घेऊ. अठराव्या शतकात ब्रिटिश पायदळाच्या हातात ‘ब्राउन बेस’ ही बंदूक होती. तिची नळी आतून गुळगुळीत, व्यास सुमारे ०.७५ इंच. शिशाची गोल गोळी मात्र सुमारे ०.६९ इंचाची. म्हणजे गोळी नळीत सैल बसे. हा निष्काळजीपणा नव्हता. दारूची काजळी नळीत साचत जाते. गोळी घट्ट असती, तर काही बारांनंतर ती आत ठासणेच अशक्य झाले असते, आणि रणांगणावर भराभर ठासता येणे हेच महत्त्वाचे होते.

५/
या सैलपणाची किंमत मोजावी लागे. दारूचा स्फोट झाला की गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे. शेवटचा धक्का वरच्या बाजूस लागला, खालच्या, की डाव्या, हे प्रत्येक बाराला बदले. तेवढ्यावर गोळीची दिशा ठरे. शंभर यार्डांपलीकडे एखाद्या माणसावर नेम धरून गोळी झाडली आणि ती त्यालाच लागली, तर तो बहुधा योगायोग समजावा. म्हणूनच सैनिक रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहत आणि एकदम बार काढत. एका गोळीचा भरवसा नव्हता. शंभर गोळ्यांचा होता.

६/
पण नळीतील धक्क्याने सारे स्पष्ट होत नाही. केवळ सुरुवातीची दिशा चुकली असेल, तर चूक अंतराच्या प्रमाणात वाढेल. ५० यार्डांवर एक हात, १०० यार्डांवर दोन हात, असे. प्रत्यक्षात गोळ्या त्याहून कितीतरी अधिक भरकटत. काही तर आधी एका बाजूस जाऊन नंतर दुसऱ्या बाजूस वळत. त्यांना हवेत कोणीतरी ढकलल्यासारखे दिसे.

गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथानुसार फेकलेली वस्तू अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, आखत जाते. हे गणित देखणे होते आणि त्यात हवेला जागा नव्हती. हवा इतकी विरळ, ती जड गोळ्याला काय अडवणार, असाच बहुतेकांचा समज होता.

७/
हा समज मोडणारा माणूस म्हणजे बेंजामिन रॉबिन्स. जन्म १७०७, इंग्लंडमधील बाथ येथे, क्वेकर पंथाच्या कुटुंबात. क्वेकर मंडळी युद्धाला पापच मानतात. त्याच घरातील मुलाने १७४२ मध्ये ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हे पुस्तक लिहिले आणि बंदुकीच्या शास्त्राचा पाया घातला.

त्याचे मुख्य साधन अगदी साधे होते. तिवईला टांगलेला एक जड लंबक आणि त्यावर लाकडाची फळी. गोळी फळीत घुसली की लंबक मागे झुलतो. किती झुलला, हे त्याला जोडलेली फीत सांगते. लंबकाचे वजन आणि गोळीचे वजन ठाऊक असले, की गोळीचा वेग काढता येतो.

८/
डोळ्यांना न दिसणाऱ्या गोळीचा वेग मोजण्याची ही पहिली विश्वासार्ह रीत. उत्तर आले: सेकंदाला सुमारे १,७०० फूट. मग रॉबिन्सने लंबक दूर सरकवला आणि पुन्हा मोजले. त्या थोड्याशा अंतरात गोळीने बराच वेग गमावला होता. त्यावरून हिशेब केला, तर हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या शंभर पटींहून अधिक भरला.

तोफेचेही तेच. २४ पौंडी गोळा निर्वात जागेत सुमारे १६ मैल गेला असता. प्रत्यक्षात तो ३ मैलही जात नसे. देवनापट्टणमच्या गावांची हद्द गोलंदाजाच्या कौशल्याइतकीच हवेने आखली होती.

९/
गोळी लवकर का पडते, हे कळले. ती बाजूला का जाते? रॉबिन्सचा तर्क असा: नळीच्या ज्या बाजूस गोळी शेवटी घासते, त्या घासण्याने तिला गिरकी मिळते. गिरक्या घेणाऱ्या गोळीच्या एका बाजूस हवा वेगळी वागते, दुसऱ्या बाजूस वेगळी, आणि गोळी ढकलली जाते.

हे सिद्ध कसे करायचे? गिरकी तर दिसत नाही. आणि साध्या बंदुकीत ती दर बाराला बदलते. रॉबिन्सने त्यासाठी जो प्रयोग केला, तो प्रत्येक इतिहासप्रेमीने लक्षात ठेवावा असा आहे.

१०/
त्याने बंदुकीच्या नळीचे शेवटचे टोक मुद्दाम डावीकडे किंचित वाकवले. समोर ओळीने पातळ कागदाचे पडदे लावले आणि शेवटी भिंत. वाकड्या नळीतून निघालेली गोळी डावीकडे जाणार, हे शेंबडे पोरही सांगेल. पहिल्या पडद्यावरचे भोक डावीकडे पडले. दुसऱ्यावरचेही डावीकडेच. भिंतीवरची खूण मात्र उजवीकडे उमटली.

कारण असे: वाकड्या टोकात गोळी उजव्या भिंतीवर घासत जाते, त्यामुळे तिला ठरावीक दिशेची गिरकी मिळते आणि ती गिरकी हवेत तिला उजवीकडे खेचते. रॉबिन्सने नशिबावर सोडलेली गोष्ट आपल्या हुकमात आणली आणि मग निकाल पाहिला.

११/
आता कथेत गणिताचा सम्राट येतो. लिओनार्ड ऑयलर याने १७४५ मध्ये रॉबिन्सच्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद केला आणि मूळ पुस्तकाहून लांब टिपा जोडल्या. हवेच्या विरोधाचे म्हणणे त्याने उचलून धरले आणि त्याचे गणित पुढे नेले. गिरकीचे म्हणणे मात्र त्याला पटले नाही.

ऑयलरच्या मते गोळी बाजूला जाते, कारण ती पुरेशी गोल नसते. ओतताना कुठे उंचवटा राहतो, कुठे खळगा. गोळी निर्दोष असेल, तर ती भरकटणार नाही.

१२/
वाद असा उभा राहिला.

रॉबिन्स: दोष गोळीच्या गिरकीत आहे आणि गिरकी बंदूक देते.
ऑयलर: दोष गोळीच्या घडणीत आहे.

ऑयलरचे वजन इतके होते, की रॉबिन्सचा तर्क पुढची अनेक दशके मागेच पडला. पण या वादात एक जण पूर्ण बरोबर आणि दुसरा पूर्ण चूक, असे नव्हते. वाकड्या नळीच्या प्रयोगाला ऑयलरकडे उत्तर नव्हते. आणि ओबडधोबड गोळी भरकटते, हेही खोटे नव्हते. दोघांचे दोन दोष वेगळे कसे ओळखायचे, ही खरी अडचण होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे एअरसॉफ्टपाशी तिचा उपयोग आहे.

१३/
रॉबिन्सला उत्तर देण्यासाठी फार आयुष्य मिळाले नाही. १७४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला हिंदुस्थानातील आपल्या किल्ल्यांच्या बांधकामावर प्रमुख अभियंता म्हणून नेमले. १७५० मध्ये तो येथे पोहोचला. २९ जुलै १७५१ रोजी तापाने त्याचा मृत्यू झाला, वयाच्या ४४ व्या वर्षी.

मृत्यूचे ठिकाण: फोर्ट सेंट डेव्हिड. मराठ्यांनी विकलेला, तोफेच्या ‘रँडम’ गोळ्यांनी हद्द आखलेला तोच किल्ला. गोळा असा अनिश्चित का पडतो, हे ज्याने जगाला प्रथम समजावले, तो त्या गोळ्यांनी मोजलेल्या मातीतच निजला.

१४/
शंभर वर्षांनी, १८५२ मध्ये, बर्लिनचा प्राध्यापक गुस्टाफ माग्नुस याने फिरत्या नळकांड्यावर हवेचा झोत सोडून गिरकीचा हा परिणाम प्रयोगशाळेत दाखवला. म्हणून आज त्याला ‘मॅग्नस परिणाम’ म्हणतात. खरे तर तिरक्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू हवेत वळतो, हे न्यूटननेही १६७२ मध्ये नोंदवले होते.

क्रिकेट पाहणाऱ्यांना हा परिणाम नवा नाही. फिरकीपटूचा चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत सरकतो, तो यामुळेच. पुढच्या बाजूने गिरकी दिलेला चेंडू लवकर खाली येतो. उलटी, म्हणजे मागच्या बाजूने गिरकी दिलेला चेंडू हवेत तरंगत राहतो. ही उलटी गिरकी पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

१५/
लष्करांनी या अडचणीवर उपाय शोधला तो गिरकी टाळून नव्हे, तर तिला शिस्त लावून. नळीत पिळाच्या खाचा पाडल्या, की गोळी प्रवासाच्या रेषेभोवतीच फिरते आणि बाजूला ढकलली जात नाही. अशी ‘रायफल’ जुनीच होती, पण तिच्यात गोळी ठासायला वेळ लागे. रॉबिन्सने तिचे महत्त्व सांगितले होते आणि गोल गोळीऐवजी अंड्याच्या आकाराची गोळीही सुचवली होती.

१८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या क्लोद एतिएन मिनिए याने लांबट, बुडाशी पोकळ गोळी पुढे आणली. ती नळीत सहज सरके आणि बार होताच बुडाशी फुगून खाचांत घट्ट बसे.

१६/
याच जातीची गोळी १८५३ च्या एन्फिल्ड रायफलमध्ये आली. ती कागदी काडतुसात, वंगण लावून मिळे आणि काडतूस दातांनी फाडावे लागे. १८५७ मध्ये त्या वंगणावरून काय घडले, ते प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला ठाऊक आहे. गोळी घट्ट बसावी आणि सरळ जावी, या तांत्रिक गरजेतून ते वंगण आले होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. उठावाची कारणे अर्थातच अनेक आणि खोल होती. काडतूस ही ठिणगी.

गोल गोळीचे युग युद्धात असे संपले. खेळात मात्र ती टिकून राहिली.

१७/
जत्रेत फुगे फोडण्याची बंदूक कोणी हाती घेतली नाही? तिच्या छर्ऱ्याकडे नीट पाहिले, तर तो गोल नसतो. कमरेत बारीक, मागे घागऱ्यासारखा पसरलेला, पोकळ. जड डोके पुढे आणि हलका घेर मागे, त्यामुळे हवेचा विरोधच त्याला सरळ धरून ठेवतो; बॅडमिंटनच्या फुलाचे तत्त्व हेच. खाचांच्या नळीची गिरकीही त्याच्या मदतीला असते.

४.५ मिलिमीटरचा हाच छर्रा १० मीटर एअर रायफलच्या ऑलिंपिक स्पर्धेत वापरतात. तेथे दहाचे वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असते.

१८/
ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये याच प्रकारात जगज्जेता झाला. या पातळीवरचे नेमबाज छर्रे दुकानातून मूठभर उचलून आणत नाहीत. रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात, एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या घाण्यांतील छर्रे झाडून पाहतात आणि ज्या घाण्याची भोके सर्वांत जवळ पडतात, तो निवडतात. छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत पाहिला जातो.

माणूस बाजूला काढायचा, बंदूक स्थिर करायची आणि फक्त गोळी बदलायची. ही रॉबिन्सचीच रीत आहे.

१९/
आता एअरसॉफ्ट. जपानमध्ये १९७० च्या दशकात धातूच्या नकली बंदुकांवर कडक कायदे झाले. त्यातून प्लास्टिकची गोळी मारणाऱ्या हलक्या हवाई बंदुकांचा खेळ वाढला. १९९१ मध्ये टोकियो मारुई कंपनीने विजेवर चालणारी बंदूक बाजारात आणली आणि हा खेळ जगभर पसरला. २००६ च्या जपानी कायद्याने या बंदुकांची ऊर्जा एका ज्यूलच्या किंचित खाली रोखली आहे.

गोळी ६ मिलिमीटरची म्हणतात. प्रत्यक्षात चांगली गोळी ५.९५ मिलिमीटरच्या आसपास असते. नळी ६.०३ ते ६.०८. गुळगुळीत नळी, सैल बसणारी गोल गोळी. म्हणजे ब्राउन बेसच, फक्त खेळण्याच्या मापात.

२०/
रॉबिन्सला छळणारे सारे प्रश्न या खेळण्यात परत आले. हवा या हलक्या गोळीला किती अडवते, त्याचा ढोबळ हिशेब करता येतो. सेकंदाला १०० मीटर वेगाने निघालेल्या ०.२० ग्रॅमच्या गोळीवर हवेचा विरोध तिच्या वजनाच्या जवळपास ४० पट असतो. साधारण १८ मीटरांत तिचा वेग निम्म्यावर येतो. काहीच उपाय केला नाही, तर ३० मीटरांवर ती एक मीटरहून थोडी अधिक खाली पडलेली असते.

२१/
उपाय काढला तो मोठा गमतीदार. नळीच्या सुरुवातीला, वरच्या बाजूस रबराचा एक बारीक उंचवटा ठेवतात. जाताना गोळीचा माथा त्यावर घासतो आणि तिला उलटी गिरकी मिळते. मग मॅग्नस परिणाम तिला बाजूला न ढकलता वर उचलतो आणि गोळी वजनाविरुद्ध तरंगत लांबवर सरळ जाते. याला ‘हॉप-अप’ म्हणतात.

वाकड्या नळीत उजवी भिंत गोळीला घासली. येथे वरचे रबर घासते. रॉबिन्सने ज्या गिरकीला अचूकतेची शत्रू म्हटले होते, तीच येथे कामाला जुंपली आहे.

२२/
मग निरनिराळ्या गोळ्यांत फरक कशाचा? पहिला, वजनाचा. शुद्ध प्लास्टिकची गोळी साधारण ०.१२ ग्रॅमची होते. ०.२०, ०.२५, ०.३० ग्रॅमसाठी त्यात खनिजाची भुकटी मिसळावी लागते. बंदुकीची ऊर्जा तीच, म्हणजे जड गोळी सावकाश निघते: एका ज्यूलला ०.२० ची गोळी सेकंदाला १०० मीटर, तर ०.३० ची सुमारे ८२.

बरेच जण येथेच थांबतात आणि हलकी गोळी घेतात, कारण ती ‘वेगवान’. पण जड गोळी वेग टिकवून धरते. वरच्याच हिशेबाने ३० मीटरांवर दोन्ही गोळ्या जवळपास एकाच क्षणी पोहोचतात आणि त्यापुढे जड गोळी आघाडी घेते.

२३/
वाऱ्याचा फरक याहून बोलका. सेकंदाला दोन मीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पाने हलतील इतकाच. ३० मीटरांवर ०.२० ची गोळी सुमारे अर्धा मीटर सरकते, ०.३० ची त्याच्या साधारण दोन-तृतीयांश.

पण वजन म्हणजे अचूकता नव्हे. जड गोळीला उचलायला अधिक गिरकी लागते. रबराचा दाब तिला पुरेशी गिरकी देऊ शकत नसेल, तर ती जमिनीकडे झुकणारच. म्हणून सर्वांत जड गोळी ही आपोआप सर्वोत्तम गोळी ठरत नाही.

२४/
दुसरा फरक ऑयलरचा: घडणीचा. गोळी साच्याच्या दोन अर्ध्यांत ओततात. जोडाची रेघ घासून काढावी लागते. प्लास्टिक थंड होताना आत हवेचा बुडबुडा अडकला, तर बाहेरून निर्दोष दिसणारी गोळी आतून एका बाजूस जड होते आणि गिरक्या घेताना डगमगते. व्यासात फरक असेल, तर एक गोळी रबरावर जास्त घासते, दुसरी कमी. एक वर जाते, दुसरी खाली.

मातीत विरघळाव्यात म्हणून पीएलए या प्लास्टिकच्याही गोळ्या असतात. त्या विरण्यासाठी ओल आणि ऊब लागते. पावसाळ्यात उघड्या पिशवीत अशा गोळ्या ठेवणे म्हणजे ते काम घरातच सुरू करून देणे.

२५/
आता १७४५ चा वाद सोडवण्याची वेळ. समजा, २५ मीटरांवरच्या कागदावर दहा गोळ्या झाडल्या.

सर्व भोके जवळजवळ, पण सारी डावीकडे? दोष बहुधा बंदुकीचा. रबर तिरके बसले आहे आणि प्रत्येक गोळीला तीच तिरकी गिरकी मिळते आहे. येथे रॉबिन्स बरोबर.

भोके चहूकडे विखुरलेली? आणि त्याच बंदुकीत दुसऱ्या गोळ्या घातल्या, तर जवळजवळ पडतात? मग दोष गोळ्यांचा. येथे ऑयलर बरोबर.

ठरावीक चूक आणि विखुरलेली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुरुस्त करता येते. दुसरीसाठी गोळीच बदलावी लागते.

२६/
ही तुलना प्रामाणिक व्हायची, तर काही पथ्ये आहेत.

बंदूक शिकंज्यात, बंद जागा, वारा नको. नळी स्वच्छ, तेलाचा अंश जाईपर्यंतच्या पहिल्या काही गोळ्या मोजू नयेत. वजन बदलले की हॉप-अप नव्याने लावावा, ०.२० साठी लावलेल्या हॉप-अपवर ०.३० ला नापास करणे हा अन्याय आहे. दोन प्रकारच्या गोळ्या आलटून पालटून झाडाव्यात, म्हणजे बंदूक तापल्याचा वा हवेची टाकी थंड झाल्याचा दोष एकाच प्रकाराच्या माथी बसणार नाही. आणि डोळ्यांवर गॉगल, प्रत्येक वेळी.

२७/
सर्वांत मोठी फसवणूक मात्र आकड्यांत होते. तीन गोळ्यांचा पुंजका नेहमीच दहा गोळ्यांच्या पुंजक्याहून लहान दिसतो, कारण भोके वाढली की सर्वांत दूरच्या दोन भोकांतील अंतर वाढतच जाते. पाच कागद झाडून त्यातला सर्वांत देखणा तेवढा दाखवणे ही तर गोळीची नव्हे, नशिबाची परीक्षा. सर्व कागद मोजावेत, प्रत्येक भोकाचे मध्यापासूनचे अंतर घ्यावे आणि त्याची सरासरी काढावी.

इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही हा नियम लागू आहे. आपल्या म्हणण्याला दुजोरा देणारी तीनच पत्रे निवडली, तर कोणताही सिद्धांत नेमका बसतो.

२८/
पुन्हा एकदा १६९० कडे. त्या दिवशी तोफेच्या टप्प्यात येणाऱ्या गावांतील शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. गोळा थोडा अलीकडे पडता, तर त्याचे गाव मराठ्यांकडे राहिले असते. थोडा पलीकडे, तर शेजारचे गावही गेले असते. दारूचा ओलसरपणा, गोळ्यावरचा एखादा उंचवटा, नळीतील शेवटचा धक्का, समुद्रावरून येणारा वारा. कोणाचा राजा कोण, हे एवढ्या गोष्टींनी ठरवले आणि तेव्हा पृथ्वीवरील एकाही माणसाला त्यांचे गणित ठाऊक नव्हते.

ते गणित मांडणारा माणूस साठ वर्षांनी त्याच गावांच्या मध्यभागी येऊन राहिला आणि तेथेच वारला.

आज तेच गणित ०.२० आणि ०.३० ग्रॅमच्या गोळ्यांच्या पाकिटांत, खेळण्याच्या दुकानात मिळते.

(धागा समाप्त. कडलूरला जाणे झाले, तर समुद्रकाठी, गडिलम नदीच्या मुखाजवळ फोर्ट सेंट डेव्हिडचे अवशेष आहेत. अवश्य पाहावेत.)